खिडकीवरचं पोतं

विमलने "नाही" म्हटलं ते प्रश्न पुरता संपायच्या आधीच.

प्रश्न विचारणारे मार्तंड हे क्षयरोग केंद्रातले आरोग्य कर्मचारी. २००४ सालच्या नोव्हेंबरात ते जुन्या जालन्यातल्या तिच्या घरी आले होते. औषधं सुरू करण्याआधी रोग्याचं घर स्वतःच्या डोळ्यांनी बघून यायचं, ही त्यांच्या कामाची रीत. अर्ध्यात औषध सोडून दिलेल्या माणसांना शोधत गल्लोगल्ली फिरायची वेळ त्यांच्यावर बरेचदा आली होती, म्हणून पत्ता पक्का झाल्याशिवाय ते कार्ड भरत नसत. विमलच्या थुंकीचे तीन नमुने तपासले होते आणि तिन्हींत जंतू सापडले होते.

"घरात, जवळच्या नात्यात, पूर्वी कधी कुणाला टीबी..."

"नाही."

मार्तंडांनी तसं लिहून घेतलं. विमलच्या दहा वर्षांच्या मुलीला, शैलाला, तपासणीसाठी उद्या केंद्रावर आणा म्हणून सांगितलं, खिडक्या मोजल्या, दोन्ही उघड्या ठेवा म्हणाले आणि गेले. शेजारी बसलेल्या श्रीपतीने, विमलच्या नवऱ्याने, कपाळावरचा घाम पुसला. मग तो म्हणाला, तुझ्या बदनापूरच्या कचेरीतच कुणाकडून तरी आलं असणार, रोज त्या गाडीने जाणं-येणं, किती माणसं खोकत असतात. विमल हो म्हणाली.

तिच्या नात्यात एक माणूस होतं. पण ते माणूस श्रीपतीच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणजे द्वारका आत्या सगळ्यांना ठाऊक होती, तिचा आजार ठाऊक नव्हता. १९९३ साली विमलचं लग्न जुळलं तेव्हा तो झाकलेला होता. मुलीच्या घरात टीबी म्हटल्यावर पाहुणे चहा न घेता उठले असते. लग्नात आत्याने स्वतःच मागच्या अंगणात, चुलीपाशी राहायचं ठरवलं होतं. पंगतीला बसलं तर वेगळं ताट का, असं कुणीतरी विचारलंच असतं. अक्षता तिने तिथूनच टाकल्या.

भोकरदनजवळच्या गावातलं ते घर विमलला आठवायचं ते एकाच खोलीमुळे. धान्याच्या कणग्यांमागची, उत्तरेला एक खिडकी असलेली लांबट खोली. नवरा वारल्यावर आत्या सव्विसाव्या वर्षी माहेरी परत आली, तेव्हा भावाने, म्हणजे विमलच्या वडिलांनी, रामरावांनी ती खोली तिला दिली. आत्याला मूलबाळ नव्हतं. हातात एक कला होती, गोधड्या शिवायची. पाहता पाहता त्या खोलीत गावभरातली जुनी लुगडी येऊन पडू लागली.

१९८१ च्या हिवाळ्यात विमल आठ वर्षांची होती. शाळा सकाळची. दुपारी जेवण झालं की ती थेट आत्याच्या खोलीत. तिचं काम ठरलेलं होतं: सुया ओवायच्या. आत्याचा हात इतका चाले की एका सुईतला दोरा संपेपर्यंत दुसरी तयार हवी. पाच सुया ओवून उशीला टोचून ठेवायच्या. आत्या रीळ उलगडायची, वीतभर जास्तीचा दोरा ओढून दातांनी तोडायची आणि टोक विमलकडे द्यायची. विमल ते टोक ओठांत धरून ओलं करायची, अणकुचीदार करायची आणि एका फटक्यात सुईच्या नेढ्यातून पार.

बाकी वेळ गोष्टी चालत. कुठला तुकडा कुणाचा, हे आत्याला पाठ. हा हिरवा काठ नंदाबाईच्या लग्नातला, तिने तो पहिल्याच दिवशी आमटीत बुडवला. हा जांभळा झुंबरबाईचा, नवऱ्याशी भांडून माहेरी निघालेली अन् ओढ्याच्या काठाहून परत आली, तिथे फाटलेला. हे पांढरं कुणाचं, असं विमलने एकदा विचारलं, तर आत्या म्हणाली, "मेल्या माणसाचं धोतर हाये. ऊब तेवढीच देतं." मग ती हसली, हसता हसता खोकली आणि पदराने तोंड पुसून पुन्हा टाके घालू लागली. टाके मुंग्यांच्या रांगेसारखे. खोलीत खळीचा, जुन्या सुताचा आणि बाजूच्या कणगीतल्या ज्वारीचा असा मिळून एक वास असायचा. मोठेपणी विमलला तो कुठेच सापडला नाही. एकदा जुन्या जालन्यातल्या कापडाच्या दुकानात, मागच्या गठ्ठ्यांपाशी, तो येतोय असं वाटलं म्हणून ती उगाच दहा मिनिटं उभी राहिली होती.

त्या हिवाळ्यात वारा फार होता. आत्या खोकते, तिच्या छातीला वारं लागतं, म्हणून रामरावांनी सरकीच्या पेंडीचं जाड पोतं आणलं आणि खिडकीच्या चौकटीला चारी बाजूंनी चुका मारून ठोकून टाकलं. खोली उबदार झाली. चिंध्या उडायच्या थांबल्या. बहिणीसाठी भावाने केलेली ती गोष्ट आत्या येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने दाखवायची. दुपारी दार लोटलं की आत अंधारं व्हायचं, म्हणून कंदील लावून दोघी शिवत बसायच्या.

माघात आत्याच्या थुंकीतून रक्त पडलं. भोकरदनच्या डॉक्टरने जालन्याला पाठवलं, तिथे छातीचा फोटो काढला आणि रोगाचं नाव कळलं.

घर हादरलं, पण घराने कामही केलं. विमलची आई केशरबाई यांनी त्याच दिवशी आत्याचं ताट, तांब्या, पेला वेगळा केला. तिची भांडी वेगळ्या राखेने घासायची. पाणी वरून ओतायचं, हात लागू द्यायचा नाही. केशरबाईंनी विमलला ओठांत दोरा धरताना पाहिलं होतं. ते आठवलं आणि त्यांनी तिला दोन थोबाडीत मारल्या, मिठाच्या पाण्याने चूळ भरायला लावली, पाच वेळा. खोलीत जायची बंदी झाली. गावातल्या बायकांनी गोधड्या परत आणून ओट्यावर टाकल्या. आत्याने त्या उकळत्या पाण्यात घातल्या, वाळवल्या, पण बऱ्याच जणींनी त्या परत नेल्याच नाहीत.

खिडकीवरचं पोतं मात्र तसंच राहिलं. उलट, आता तर छातीला वारं लागूच द्यायचं नाही म्हणून रामरावांनी त्यावर आणखी एक चढवलं.

आत्या बरी झाली. दोन महिने रोज सुई, मग वर्षभर गोळ्या. सुईसाठी ती तीन कोस चालत जायची, एकही दिवस चुकली नाही. डॉक्टरने बरी झालीस म्हणून सांगितलं, पण ताट काही परत कपाटात गेलं नाही. कुणी तसं म्हटलं नाही आणि आत्यानेही मागितलं नाही. बावीस वर्षं ती दाराजवळ, वेगळ्या ताटात जेवली. शैला झाली तेव्हा बाळंतविड्याचं सगळं तिने शिवून पाठवलं, पण पोरीला मांडीवर घेतलं नाही. या सगळ्याच्या बदल्यात तिच्याजवळ एकच गोष्ट होती आणि आत्या ती अधूनमधून बोलून दाखवायची. घरात सहा माणसं होती, म्हणायची. माझ्यापासून एकालाबी झालं न्हाई.

दुसऱ्या दिवशी केंद्रावर शैलाची तपासणी झाली. तिला काही नव्हतं. श्रीपती तिला शाळेत सोडायला गेला तशी विमल मार्तंडांच्या टेबलाशी थांबली. तिने बरंच आडवळण घेऊन विचारलं. समजा एखाद्या रोग्याने दोरा दातांनी तोडला आणि तोच दोरा एखाद्या पोराने तोंडात धरला, तर.

"तर पोराचं तोंड दोऱ्याने भरेल," मार्तंड म्हणाले. "टीबी नाही होणार."

मग त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं आणि खुर्ची पुढे ओढली. हा रोग तोंडाने खाल्ला जात नाही, तो श्वासातून आत जातो, असं ते सांगू लागले. रोगी खोकतो, बोलतो, हसतो, तेव्हा थुंकीचे थेंब उडतात. मोठे खाली पडतात. बारीक असतात ते हवेतच वाळतात आणि त्यांच्यातले जंतू धुळीसारखे तरंगत राहतात, बंद खोलीत काही तास. उन्हाने मरतात, वाऱ्याने पांगतात. ऊन नाही, वारा नाही, तर जो आत बसेल तो ते ओढून घेतो. ताट, पेला, कपडा, गोधडी, यातून काही होत नाही.

विमलने हळूच विचारलं की खिडकीला पोतं ठोकलेलं असलं तर.

मार्तंडांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग त्यांनी विचारलं, किती दिवस. विमल म्हणाली, एक हिवाळा. रोज दुपारी.

"कधीची गोष्ट?"

"एक्याऐंशीची."

तिला वाटलं ते हसतील, इतक्या जुन्या गोष्टीला काय. ते हसले नाहीत. फुप्फुसात गेलेल्या जंतूला शरीर बहुतेक वेळा मारत नाही, कोंडतं, ते म्हणाले. त्याच्याभोवती पेशींची भिंत घालतं. तो आत झोपून राहतो, दहा वर्षं, तीस वर्षं, पुष्कळांच्यात मरेपर्यंत. दहांतल्या नऊ जणांना कधी कळतही नाही. दहाव्याचं अंग कधीतरी खचतं आणि भिंत पडते. तुम्हाला गेल्या पावसाळ्यात मुदतीचा ताप आला होता ना?

दोनदा आला होता. सात किलो वजन गेलं होतं.

"पण हे तिथूनच आलं असं मी छातीठोक सांगू शकत नाही, ताई. गाडीतून आलं असेल, कचेरीतून आलं असेल. जंतूवर नाव लिहिलेलं नसतं."

विमल घरी आली ती त्या एका वाक्याला धरून. नाव लिहिलेलं नव्हतं. मग ते आत्याला सांगायचं काहीच कारण नव्हतं.

पण आत्याच आली. पोरगी आजारी आहे, दवाखाना चालू आहे, एवढंच गावी कळवलं होतं. चौथ्या दिवशी रामराव तिला एस.टी.ने घेऊन आले आणि संध्याकाळच्या गाडीने एकटे परत गेले. आत्या आता अठ्ठेचाळीस वर्षांची होती, केस पांढरे, अंग चिवट. पिशवीतून तिने आधी आपलं ताट आणि पेला काढला आणि मोरीच्या कडेला ठेवला.

विमलने सांगितलं, निमोनिया झालाय. आत्या म्हणाली, बरं.

चार दिवस आत्याने घर सांभाळलं. भाकऱ्या थापल्या, शैलाच्या फ्रॉकची शिवण उलगडून नव्याने घातली, श्रीपतीला दोनदा सांगितलं की जावईबापू, ताटात टाकू नका, आमच्याकडं ज्वारी पिकवावी लागते. श्रीपतीला ती आवडायची. जेवायला आत या म्हणून त्याने तिला आग्रह केला, तर ती म्हणाली, मला दाराशीच बरं, वारा लागतो. एक दिवसाआड सकाळी विमल मालनबाईंकडे जायची. मालनबाई गल्लीतल्या अंगणवाडीच्या सेविका. विमलच्या नावाचा गोळ्यांचा डबा त्यांच्याकडे ठेवलेला होता आणि गोळ्या त्यांच्यासमोरच गिळायच्या, असा नियम होता. विमल आत्याला सांगायची, भाजी आणायला जाते. भाजी आणायचीही.

पाचव्या दिवशी दुपारी विमल पडून होती. श्रीपती कामावर, शैला शाळेत. आत्या आली आणि उपडा हात तिच्या मानेला लावून बसून राहिली. बावीस वर्षांत आत्याने तिला असा हात लावलेला नव्हता.

"किती वाजले?" आत्याने विचारलं.

"चार असतील."

"निमोन्याला चाराच्या ठोक्याला ताप येत न्हाई, विमे."

विमलने पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं.

"तुझा खोकला मी आल्या दिवशी वळखला. भाजी आणाया जातीस अन् येताना तोंड कडू करून येतीस. मी वाट बघून राह्यले, कधी सांगतीस म्हून."

विमलने मग सांगितलं. आधी कचेरीचं सांगितलं, गाडीचं सांगितलं. मार्तंडांचं वाक्य सांगितलं. आत्या नुसती बघत राहिली, तसं बाकीचंही सांगावं लागलं: हवा, थेंब, बंद खोली, पोतं. ताटाने काही होत नाही, पेल्याने होत नाही, गोधडीने होत नाही, हे तिने मुद्दाम दोनदा सांगितलं. आत्याच्या मनाला तेवढा तरी आधार होईल असं तिला वाटलं होतं. सांगून झाल्यावर लक्षात आलं की आपण तिची बावीस वर्षं तिच्यासमोर फुकट म्हणून ठेवली.

आत्याने पदर सारखा केला. मोरीच्या कडेकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

"ताटाचं जाऊ दे," ती म्हणाली. "एक गोष्ट तुला ठाव न्हाई. दादानं पोतं ठोकलं तवा मला खोकून तीन महिने झाल्ते. श्रावणापासून. ह्यांना बी असंच झाल्तं, असाच खोकला, असाच दुपारचा ताप. सासरी दमा दमा म्हणले अन् माणूस गेला. मला बराबर कळत होतं की हे तेच हाये. तरी मी तुला हाका मारायची. विमे, सुया ओवाया ये."

"आत्या, तुला काय माहीत होतं की..."

"माहीत न्हवतं अन् माहीत होतं. दोन्ही." तिचा आवाज खाली आला. "तू न्हाई आलीस तर दुपार जात न्हवती, बाई. सव्वीस वर्साची होते मी."

 विमल एवढंच म्हणाली की मी हाकेची वाट बघत बसायची, जेवताना माझं लक्ष तुझ्या दाराकडे असायचं. ते खरं होतं. त्या दुपारींइतकं सुखाचं तिला पुढे फार थोडं मिळालं होतं आणि ताप अंगात असतानाही ते सुख तिच्या मनातून जराही उतरलं नव्हतं.

आत्याने ते ऐकून घेतलं. मग म्हणाली, "त्या साहेबानं इचारलं असंल ना, घरात कुणाला होतं म्हून?"

"विचारलं."

"माझं नाव सांगितलंस का?"

विमलने नकारार्थी मान हलवली.

"का?"

"तू म्हणतेस ना, तुझ्यापासून एकालाही झालं नाही."

आत्या उठली, चहा ठेवायला. पाठमोरी म्हणाली, "सकाळी जाऊ. मला बी दाव तो दवाखाना."

रात्री जेवताना विमलने श्रीपतीला सगळं सांगितलं, आत्यासमोरच. त्याचा घास हातात राहिला. तुमच्या लोकांनी मला साफ गंडवलं, तो म्हणाला, अकरा वर्षं झाली, अन् मी आपला कचेरीतल्या कारकुनाला शिव्या देतोय. मग तो उठला. आत्याचं ताट दाराशी होतं ते त्याने उचललं आणि आपल्या शेजारी आणून ठेवलं. आत्या म्हणाली, जावईबापू, मी जागा सोडून इतक्या जवळ बसले तर घास उतरायचा न्हाई. श्रीपती म्हणाला, उतरेपर्यंत मी थांबतो, मला काही घाई नाही. तिला अर्धीच भाकरी गेली.

सकाळी तिघं केंद्रावर गेली. मार्तंडांनी विमलचं कार्ड काढलं. आत्या त्यांच्यासमोरच्या बाकावर पाठ ताठ करून बसली आणि म्हणाली, हिनं खोटं सांगितलंय, ते दुरुस्त करा. द्वारकाबाई, आत्या, ब्याऐंशी साल. सुया अन् गोळ्या पुऱ्या केलेल्या.

मार्तंडांनी पुन्हा तेच सांगितलं. मावशी, तुमच्यापासूनच आलं, असं सिद्ध करता येत नाही.

"सिद्ध तुमचं तुम्ही करा, साहेब. नाव माझं लिहा."

त्यांनी लिहिलं. मग तिलाही थुंकी तपासायला एक डबी दिली, उद्या सकाळी उठल्या उठल्या खोकून द्या म्हणाले. एकदा बरं झालेलं माणूसही तपासलेलं चांगलं, आणि निघालं तरी औषध आता सहा-आठ महिन्यांचं असतं. आत्याने डबी उलटसुलट करून पाहिली आणि पिशवीत ठेवली. मार्तंड पेन मिटता मिटता थांबले. तुमच्या घरात तुमच्या आधी कुणाला होतं का, त्यांनी विचारलं. ही साखळी मागे जाईल तेवढी गेलेली बरी. तुमच्या सासरची माणसं अजून त्याच घरात राहत असतील तर तिथेही कुणी खोकत असेल, जाऊन बघायला हवं.

"राहतेत," आत्या म्हणाली. "बदनापूरच्या अलीकडं. दीर हाये, पुतणे हायेत. ल्हानी ल्हानी पोरं हायेत."

"मग सांगा. आधी कुणाला होतं?"

"मालकाला."

"नाव काय त्यांचं?"

आत्या गप्प झाली. विमल पुढे झाली, मी सांगते म्हणाली. लहानपणापासून तिने आत्याच्या तोंडून त्या माणसाचा उल्लेख 'हे' असाच ऐकला होता. बाईने नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, त्यांच्या गावात कुणीच घेत नव्हतं, आणि नवरा गेल्यावरही ते सुटत नव्हतं. गावच्या मतदार यादीवाल्याला, डॉक्टरला, सगळ्यांना ते रामरावच सांगत आले होते. मार्तंडांनाही ही अडचण रोजची होती. ते विमलकडे वळले.

आत्याने विमलच्या हातावर हात ठेवला आणि तिला थांबवलं.

"धर्मराज," ती म्हणाली. नंतर जरा मोठ्याने, कार्डाकडे बोट करून म्हणाली, "लिहा. धर्मराज. दमा न्हवता त्यांना."